विश्लेषण : संगणक ‘फॉरमॅट’ करण्याआधी ड्रायव्हर का जपायचे? कसे जपायचे?

‘विंडोज १०’ची मोफत सुरक्षा मुदत संपल्यानंतर घरोघरचे जुने संगणक पुन्हा ‘फॉरमॅट’ होऊ लागले आहेत. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात बिल छापण्यापासून मुलांच्या प्रकल्पापर्यंत अनेक कामे अशाच दहा-बारा वर्षे जुन्या संगणकांवर चालतात. नवी विंडोज पडते, पण आवाज जातो, वाय-फाय दिसत नाही, प्रिंटर अनोळखी होतो. हे का घडते आणि ते टाळण्यासाठी आधी काय करावे, याविषयी…

फॉरमॅटनंतर नेमके काय बिघडते?

चित्र बहुतेकांच्या ओळखीचे आहे. संगणक रेंगाळू लागतो, म्हणून रविवारी ओळखीतल्या मुलाला बोलावले जाते किंवा सीपीयूचा डबा रिक्षात घालून स्टेशनजवळच्या दुकानात नेला जातो. ‘विंडोज मारून देतो, तासाभरात न्या,’ असे दुकानदार सांगतो. काम होतेही. घरी आणून सुरू केल्यावर लक्षात येते की पडद्यावरची अक्षरे नको तितकी मोठी आणि फाटल्यासारखी दिसताहेत. स्पीकरच्या चिन्हावर लाल फुली आहे. वाय-फायचे चिन्हच नाही. प्रिंटरला वायर लावली की ‘अननोन डिव्हाइस’ असा संदेश येतो.

पुन्हा दुकान गाठल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘मदरबोर्डची सीडी आहे का?’ ती सीडी संगणक घेतला तेव्हा खोक्यात आलेली असते. खोके माळ्यावर असते किंवा कधीच भंगारात गेलेले असते. सीडी सापडलीच तर संगणकाचा सीडी ड्राइव्ह बंद पडलेला असतो. ‘नेटवरून घ्या’ म्हणावे, तर नेट चालवणारा ड्रायव्हरच नाही. कुलूप उघडायची किल्ली कुलपाच्या आतच राहावी, तसे होते. यंत्र बिघडलेले नसते. त्याचा ड्रायव्हर तेवढा पुसला गेलेला असतो. तो आधी जपून ठेवायला पाच-दहा मिनिटे लागतात, मात्र ते संगणक चालू स्थितीत असतानाच करावे लागते.

ड्रायव्हर म्हणजे काय?

उल्हासनगरच्या बाजारात सिंधी दुकानदार आणि मराठी गिऱ्हाईक यांच्यात हिंदी जे काम करते, साधारण तेच काम संगणकात ड्रायव्हर करतो. विंडोजला प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक प्रिंटरची किंवा वाय-फाय चिपची भाषा येत नाही. विंडोज म्हणते ‘हे पान छाप’. त्या विशिष्ट प्रिंटरला कळेल अशा आज्ञांमध्ये ते रूपांतरित करण्याचे काम यंत्राच्या कंपनीने लिहिलेला छोटा प्रोग्राम करतो. तोच ड्रायव्हर.

हा ड्रायव्हर म्हणजे एकच फाइल नसते, फाइलींचा एक जुडगा असतो. त्यात ‘आयएनएफ’ नावाची एक यादी असते. हा ड्रायव्हर कोणत्या यंत्रांसाठी आहे आणि कोणती फाइल कुठे ठेवायची, हे त्या यादीत लिहिलेले असते. ‘एसवायएस’ ही प्रत्यक्ष काम करणारी फाइल. आणि ‘सीएटी’ ही कंपनीच्या डिजिटल सहीची फाइल. सही जुळली नाही तर आजची विंडोज ड्रायव्हर आत घेत नाही. म्हणून कुठून तरी एकटीच फाइल उचलून आणली तर काम होत नाही, पूर्ण जुडगा लागतो.

सहीबाबत एवढी कडक शिस्त असण्याला कारण आहे. ड्रायव्हर विंडोजच्या अगदी गाभ्यात चालतो. साधा प्रोग्राम अडकला तर तेवढाच बंद करता येतो. ड्रायव्हर अडखळला तर अख्खा संगणक निळा पडदा दाखवून थांबतो. १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ या सुरक्षा कंपनीच्या, गाभ्यात चालणाऱ्या अशाच प्रोग्रामला एक सदोष फाइल मिळाली आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. भारतात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले, ते याच दिवशी.

विंडोज स्वतःच ड्रायव्हर आणते, मग बॅकअप कशाला?

शंका रास्त आहे. गेल्या चार-पाच वर्षांत घेतलेला, नावाजलेल्या कंपनीचा लॅपटॉप असेल तर बॅकअपवाचून फारसे अडत नाही. नेट जोडले की ‘विंडोज अपडेट’ बहुतेक ड्रायव्हर आपोआप आणते, उरलेले कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात.

अडचण आहे ती जुन्या यंत्रांची. ‘सगळे नेटवर मिळते’ हा भरवसा त्यांच्याबाबत दरवर्षी थोडा थोडा कमी होत चालला आहे. आपल्याकडच्या असंख्य असेंबल केलेल्या संगणकांत इंटेलचे स्वतःचे मदरबोर्ड आहेत. डेस्कटॉप मदरबोर्डच्या धंद्यातून टप्प्याटप्प्याने बाहेर पडत असल्याचे इंटेलने जानेवारी २०१३ मध्ये जाहीर केले. पुढे २०१९ च्या अखेरीस कंपनीने आपल्या संकेतस्थळावरून बऱ्याच जुन्या उत्पादनांचे ड्रायव्हर आणि बायोस फाइली काढून टाकल्या. बोर्ड अजून ठणठणीत चालतो आहे, पण त्याच्या ड्रायव्हरचा अधिकृत पत्ता मिटला आहे, अशी ही अवस्था.

प्रिंटरचे उदाहरण आणखी जवळचे. सॅमसंगचे छोटे काळे-पांढरे लेझर प्रिंटर एकेकाळी घराघरांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत होते. सॅमसंगने तो धंदा एचपीला विकला, व्यवहार नोव्हेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाला. आता सॅमसंगच्या प्रिंटरचा ड्रायव्हर एचपीकडे शोधायचा असतो. हे माहीत नसलेला माणूस सॅमसंगच्या संकेतस्थळावर तासभर फिरतो आणि शेवटी कुठल्या तरी भलत्याच पानावरून भलतीच फाइल उतरवतो.

खुद्द मायक्रोसॉफ्टही आपले कोठार आवरते आहे. बाहेरच्या कंपन्यांचे प्रिंटर ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून देणे टप्प्याटप्प्याने थांबवणार असल्याचे कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये सांगितले. नवे प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालणारी सामाईक पद्धत वापरतात, असे त्यामागचे कारण दिले गेले. ते खरेही आहे. पण पंधरा वर्षांपूर्वीच्या प्रिंटरला ती पद्धत कळत नाही. जून २०२५ मध्ये कंपनीने जुने ड्रायव्हर विंडोज अपडेटवरून वेळोवेळी हटवण्याचा कार्यक्रमही जाहीर केला. ज्यांच्या जागी नवी आवृत्ती आलेली आहे, असे ड्रायव्हर पहिल्या फेरीत निघणार होते. म्हणजे लगेच घाबरून जाण्यासारखे काही नाही. पण नवी आवृत्ती आपल्या जुन्या यंत्रावर नीट चालते की नाही, हे तपासायला मायक्रोसॉफ्ट घरी येत नाही.

हा प्रश्न आत्ताच का निर्माण झाला?

विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेण्याची सोय ठेवण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलच्या बाबतीत साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो. आपल्या भागातल्या घरांत दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या पिढीचे संगणक सर्रास दिसतात. त्यांचे मालक मग तीनपैकी एक वाट धरतात. कोणी विंडोज १० च पुन्हा स्वच्छ टाकून घेतो, कोणी नियमाला वळसा घालून विंडोज ११ बसवतो, कोणी जुना विकून दुसरा सेकंडहँड घेतो. पहिल्या दोन वाटांवर बहुधा फॉरमॅट होतो. तिसऱ्या वाटेवर जुना प्रिंटर नव्या संगणकाला जोडायचा असतो आणि तिथेही ड्रायव्हर लागतोच.

‘डुप्लिकेट’ चिपचा मुद्दा काय आहे?

उल्हासनगरच्या ‘मेड इन यूएसए’चा विनोद इथले लोकच हसत हसत सांगतात. यूएसए म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीत आलेल्या आणि ऑगस्ट १९४९ मध्ये शहराचे नाव मिळालेल्या या वसाहतीने कोणत्याही वस्तूला पर्याय बनवून दाखवण्याची हिंमत कमावली, असा त्या विनोदाचा प्रेमळ अर्थ. संगणकाच्या जगात मात्र नक्कल बनवणारे चीनपासून सगळीकडे आहेत, आणि तिथे नक्कल पकडण्याचे काम कधी कधी ड्रायव्हरच करतो.

यूएसबीतून जुन्या सिरियल पोर्टच्या यंत्रांशी बोलणाऱ्या केबली असतात. त्यातल्या अनेकांत ‘एफटीडीआय’ या स्कॉटलंडच्या कंपनीच्या चिपची नक्कल बसवलेली असते. ऑक्टोबर २०१४ मध्ये विंडोज अपडेटमधून या कंपनीचा नवा ड्रायव्हर आला. तो नकली चिप ओळखून तिचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकत असे. काल चालणारी केबल आज कोणत्याही संगणकावर ओळखली जाईना. जगभर ओरड झाली आणि कंपनीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. ‘प्रोलिफिक’ या दुसऱ्या कंपनीच्या नव्या ड्रायव्हरनीही नकली आणि फार जुन्या चिपना पाठिंबा नाकारला. अशा केबलींचे मालक आजही जुनीच आवृत्ती शोधत फिरतात.

नकली माल वापरावा, असे कोणी म्हणणार नाही. पण आपल्या केबलीतली चिप खरी की खोटी, हे दुकानात तीनशे रुपये मोजणाऱ्याला कसे कळावे? अंबरनाथच्या एमआयडीसीत काम करणारे आणि घरी आणलेल्या संगणकावरून सीएनसी किंवा पीएलसीचे प्रोग्राम भरणारे तंत्रज्ञ, अर्डुइनोच्या स्वस्त बोर्डवर प्रकल्प करणारे डिप्लोमाचे विद्यार्थी, यांचे काम अशाच केबलींवर आणि चिपांवर चालते. ज्या ड्रायव्हरवर आज सगळे सुरळीत आहे, नेमका तोच जपून ठेवणे हा त्यांच्यासाठी सगळ्यात स्वस्त विमा आहे. ‘नवा म्हणजे चांगला’ हे ड्रायव्हरच्या बाबतीत दर वेळी खरे ठरत नाही.

आणखी कोणी विशेष काळजी घ्यावी?

घरून डीटीपी करणाऱ्यांनी. लग्नपत्रिका, मंडळाच्या पावत्या, निवडणुकीची पत्रके तयार करणारे कितीतरी लोक अजून ‘श्रीलिपी’ किंवा सी-डॅकच्या ‘आयएसएम’ची जुनी आवृत्ती वापरतात. त्या आवृत्त्या यूएसबीला लावायच्या ‘लॉक’वर चालतात. लॉकचा ड्रायव्हर गेला की विकत घेतलेले सॉफ्टवेअरही उघडत नाही. पुढे आपल्या फाइलींतला मजकूर नुसत्या खुणा आणि चौकोन होऊन समोर येतो.

डिजिटल सहीचे टोकन वापरणारे ठेकेदार आणि कर सल्लागार हाही असाच एक वर्ग. बोटांचे ठसे घेणारे यंत्र घरी ठेवून निवृत्तांना हयातीच्या दाखल्यासाठी मदत करणारे लोक अंबरनाथमध्ये दिसतात. ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेल्यांचे हे गाव आहे, त्यामुळे नोव्हेंबरात या कामाला जोर असतो. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही जीवन प्रमाणपत्र काढता येते. तरी ठशांचे यंत्र असेल तर एक लक्षात घ्यावे. त्याला ड्रायव्हरबरोबर ‘आरडी सर्व्हिस’ नावाचे वेगळे सॉफ्टवेअरही लागते, आणि ते ड्रायव्हरच्या बॅकअपमध्ये येत नाही. त्याची फाइल अधिकृत ठिकाणाहून वेगळी उतरवून ठेवावी लागते.

बॅकअप घ्यायचा कसा?

पूर्वी यासाठी वेगळे प्रोग्राम लागत. एक्सपी आणि विंडोज ७ च्या काळात ‘डबल ड्रायव्हर’ नावाचा छोटा मोफत प्रोग्राम दुरुस्तीवाल्यांच्या पेनड्राइव्हवर हमखास असे. आता ही सोय विंडोजमध्येच आहे. ‘तुमचे २७ ड्रायव्हर जुने झाले आहेत’ अशा जाहिराती दाखवणारे ‘ड्रायव्हर अपडेटर’ उतरवण्याची गरज नाही. आमच्या मते ते टाळावेतच. बरेचदा ते नको असलेले प्रोग्राम सोबत आणतात आणि चालू ड्रायव्हरच्या जागी भलता बसवून जातात.

आधी एक पेनड्राइव्ह लावा. ८ किंवा १६ जीबीचा पुरतो. ‘धिस पीसी’ उघडून त्याला कोणते अक्षर मिळाले आहे ते पाहा. समजा ‘ई’ मिळाले. त्या पेनड्राइव्हवर ‘ड्रायव्हर्स’ नावाचे नवे फोल्डर इंग्रजीत तयार करा. ही पायरी सोडू नका. फोल्डर आधी नसेल तर पुढची आज्ञा चालत नाही.

मग स्टार्टच्या बटणावर माउसचे उजवे बटण दाबा. विंडोज ११ मध्ये ‘टर्मिनल (ॲडमिन)’ आणि विंडोज १० मध्ये ‘पॉवरशेल (ॲडमिन)’ असा पर्याय दिसेल, तो निवडा. परवानगी विचारली की ‘येस’ म्हणा. निळी किंवा काळी खिडकी उघडेल. तिच्यात इंग्रजी लिपीत एकाच ओळीत पुढीलप्रमाणे टाइप करायचे. पहिला शब्द पी, एन, पी, यू, टी, आय, एल ही सात अक्षरे सलग. मग एक जागा सोडून सरळ तिरकी रेघ म्हणजे स्लॅश, आणि त्याला चिकटून ‘एक्स्पोर्ट’, हायफन, ‘ड्रायव्हर’ हे इंग्रजी शब्द. पुन्हा एक जागा सोडून फुलीसारखे तारांकन, जे आठच्या आकड्यावर असते. पुन्हा एक जागा सोडून फोल्डरचा पत्ता, म्हणजे ‘ई’, कोलन, उलटा स्लॅश आणि ‘ड्रायव्हर्स’. शेवटी एंटर.

ओळी सरकू लागतात. जुन्या संगणकावर पाच-दहा मिनिटे लागू शकतात, तेवढ्यात चहा होतो. पावसाळ्यात लाइटचा भरवसा नसेल तर हे काम लाइट खात्रीने असताना करावे. मात्र मध्येच लाइट गेली तरी मूळ ड्रायव्हरना धोका पोहोचत नाही, कारण इथे फक्त नक्कल काढली जाते. नंतर तीच आज्ञा पुन्हा द्यायची.

फोल्डर उघडून पाहिल्यास आत विचित्र नावांची अनेक फोल्डर दिसतात. एकूण आकार काही शे एमबीपासून काही जीबीपर्यंत असू शकतो. ग्राफिक्स कार्ड असेल तर त्याचाच वाटा मोठा. फोल्डरच्या नावात ‘एएमडी ६४’ असे दिसले तर इंटेलचा संगणक असलेल्यांनी गोंधळू नये. आज सगळे वापरतात ती ६४ बिटची पद्धत मुळात एएमडी कंपनीने आखली, म्हणून ते नाव चिकटले आहे.

बाहेरच्या कंपन्यांचे जे ड्रायव्हर नंतर टाकले गेले, तेवढेच यात येतात. विंडोजसोबत जन्मतःच आलेले येत नाहीत, कारण ते नव्या विंडोजमध्येही असतातच.

डी ड्राइव्हवर ठेवले तर चालेल का?

आपल्या भागात ही चूक महागात पडते. ‘सगळे डी ड्राइव्हला आहे’ असे म्हणून लोक निश्चिंत असतात. पण बहुतेक घरगुती संगणकांत सी आणि डी या दोन वेगळ्या डिस्क नसतात. एकाच कपाटाचे ते दोन कप्पे असतात. फक्त सी फॉरमॅट केला तर डी वाचतो, हे बरोबर. पण डिस्कच बिघडली, किंवा दुकानातल्या मुलाने सगळे कप्पे पुसून नव्याने पाडले, तर दोन्ही जातात.

आणि पाणी आले तरी दोन्ही जातात. २६ जुलै २००५ चा पूर या तिन्ही शहरांतल्या लोकांना सांगावा लागत नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेव्हा नदीलगतच्या वस्त्यांतल्या तळमजल्यांवरही पाणी होते. घरातला सीपीयू बहुधा टेबलाखाली, जमिनीवरच ठेवलेला असतो. घरात पाणी शिरले की फ्रिजच्या मोटरइतकाच तोही लवकर बुडतो. त्या गडबडीत माणूस कागदपत्रे, दागिने आणि गॅस सिलिंडर वर चढवतो. संगणकाचा डबा सोडवून उचलायचे कोणाच्या डोक्यात येत नाही, आणि ते बरोबरच आहे.

म्हणून पेनड्राइव्हवरच्या फोल्डरची आणखी एक प्रत दुसऱ्या ठिकाणी असावी. ते फोल्डर दाबून झिप करून गुगल ड्राइव्हवर चढवले तर ती मोबाइलमधूनही हाताशी राहते. पेनड्राइव्ह मात्र सीपीयूच्या मागे खोचून ठेवू नये. तो माळ्यावर किंवा कपाटाच्या वरच्या खणात, कागदपत्रांच्या पिशवीत ठेवावा. त्याला चिठ्ठी चिकटवून संगणकाचे मॉडेल, विंडोजची आवृत्ती आणि तारीख लिहिली तर दोन वर्षांनी तो कशाचा आहे हे आठवावे लागत नाही. दुकानात देताना मूळ पेनड्राइव्ह न देता नक्कल द्यावी.

नव्या विंडोजमध्ये हे ड्रायव्हर परत कसे घालायचे?

परतीचा रस्ता माउसने होतो. स्टार्टवर उजवे बटण दाबून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ज्यांना ड्रायव्हर मिळालेला नाही, त्या नावांवर पिवळे चिन्ह दिसते. नावावर उजवे बटण, मग ‘अपडेट ड्रायव्हर’, मग ‘ब्राउज माय कॉम्प्युटर’. तिथे पेनड्राइव्हवरचे तेच मोठे फोल्डर दाखवा आणि ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’वर खूण असू द्या. त्या शेकडो फाइलींतून योग्य ती विंडोज स्वतः शोधते. वाय-फाय किंवा लॅनपासून सुरुवात करावी. नेट सुरू झाले की निम्मे काम विंडोज अपडेट उरकते.

लॅपटॉपवाल्यांना एक वेगळा अनुभव येऊ शकतो. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर विंडोज टाकायला बसले की आत एसएसडीच नाही, असे सांगितले जाते. ‘एसएसडी उडाली, नवी टाका’ असा सल्ला अशा वेळी कोणी दिला तर जरा थांबावे. बऱ्याचदा एसएसडी ठीक असते, तिच्यापर्यंत पोहोचवणारा इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर तेवढा विंडोजच्या पेनड्राइव्हमध्ये नसतो. त्याच पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ हे बटण असते. तिथे आपल्या बॅकअपमधला इंटेलच्या स्टोरेजचा ड्रायव्हर दाखवला की एसएसडी प्रकट होते. काही हजारांचा फुकटचा खर्च यात वाचतो.

या बॅकअपच्या मर्यादाही आहेत. ३२ बिटच्या विंडोजवरून घेतलेले ड्रायव्हर ६४ बिटवर चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येते. विंडोज १० चे बहुतेक ड्रायव्हर ११ मध्ये चालतात, पण फार जुना एखादा तिथली ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा सोय अडवू शकते. स्कॅनरचे ॲप, प्रिंटरची शाई दाखवणारी खिडकी, साउंडचे नियंत्रण असे सोबतचे प्रोग्राम नक्कल होत नाहीत. यंत्र चालते, सोयी थोड्या कमी मिळतात.

फॉरमॅटआधी आणखी एक गोष्ट तपासावी, आणि ती ड्रायव्हरपेक्षाही महत्त्वाची आहे. नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. या सोयीला ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात. तिची ४८ आकडी रिकव्हरी की बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ज्याला फोटो आणि हिशेब वाचवायचे आहेत, त्याने ती की आधी कागदावर उतरवून घ्यावी. ड्रायव्हर उशिरा का होईना, कुठे तरी मिळतो. की हरवली तर त्या डिस्कवरचे फोटो कोणत्याही दुकानात परत मिळत नाहीत.

बॅकअप न घेताच फॉरमॅट झाला असेल तर?

सी ड्राइव्ह पूर्ण न पुसता त्यावरच नवी विंडोज टाकली असेल, तर तिथे ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचे फोल्डर असण्याची शक्यता असते. त्याच्या आत विंडोज, सिस्टम ३२, ड्रायव्हर स्टोअर, फाइल रिपॉझिटरी अशा क्रमाने गेल्यास जुने ड्रायव्हर तसेच पडलेले सापडतात. ते लगेच उचलून घ्यावेत. साधारण दहा दिवसांनी विंडोज हे फोल्डर स्वतःच काढून टाकते. संगणक सुरूच होत नसेल, पण डिस्क चांगली असेल, तर ती दुसऱ्या संगणकाला जोडून सी ड्राइव्हमधला हाच रस्ता धरता येतो.

सगळेच पुसले गेले असेल तर खिशातला मोबाइल कामी येतो. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या वायरने संगणकाला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये ‘हॉटस्पॉट आणि टेदरिंग’मध्ये जाऊन ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा. वायर डेटा नेणारी हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. यासाठी लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीपासून असतो, त्यामुळे वाय-फाय आणि लॅन दोन्ही बंद असतानाही संगणकाला फोनचे नेट मिळते. मग विंडोज अपडेट चालवा. त्यातल्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये ड्रायव्हरची वेगळी यादी असते, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. फोनवर घरचेच वाय-फाय चालू ठेवले तर मोबाइलचा डेटाही खर्च होत नाही.

तरीही एखादे पिवळे चिन्ह राहिलेच, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावावर उजवे बटण दाबून ‘प्रॉपर्टीज’, ‘डिटेल्स’ आणि ‘हार्डवेअर आयडीज’ उघडावे. तिथे यंत्राचा खरा ओळखक्रमांक असतो. ‘व्हीईएन’नंतरची चार अक्षरे कंपनी सांगतात आणि ‘डीईव्ही’नंतरची चार चिप. तिथे ८०८६ दिसले तर चिप इंटेलची. १९७८ साली बाजारात आलेल्या आपल्या गाजलेल्या प्रोसेसरचा आकडाच इंटेलने ओळखक्रमांक म्हणून घेतला आहे. यूएसबीला लावलेल्या यंत्रांवर याच जागी ‘व्हीआयडी’ आणि ‘पीआयडी’ असे लिहिलेले असते. त्या पडद्याचा मोबाइलने फोटो काढून ठेवावा. दुकानात ‘साउंड चालत नाही’ एवढेच सांगण्याऐवजी हा फोटो दाखवला, तर अंदाजाने चार ड्रायव्हर टाकून बघण्याची वेळ येत नाही.